एअर रायफल घेताना पैसे मोजण्याआधी काय मोजायचं?

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं आणि पुढचे दोन महिने आमच्या नेमबाजीच्या रेंजवर आईबाबांची रीघ लागली. स्वप्नीलची स्पर्धा ५० मीटर थ्री पोझिशनची, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची. त्याची रायफल .२२ ची, म्हणजे खऱ्या काडतुसाची, आणि तिला शस्त्रपरवाना लागतो. पण आपल्याकडे बहुतेक मुलं सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफलनं. सहा-आठ महिने क्लबची रायफल वापरून झाली की घरात विषय निघतोच, स्वतःची कधी घ्यायची? मग कुणीतरी मोबाइलवर चार कंपन्यांची चित्रं काढून माझ्यासमोर धरतं आणि विचारतं, "ताई, यातली सगळ्यात अचूक कुठली?"

माझं उत्तर ऐकून लोकांचा थोडा हिरमोड होतो. या किमतीत अचूकपणाचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो. आयात केलेली नवी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, बहुधा दोन लाखांच्या आसपास सुरू होते आणि तीन-चार लाखांपर्यंत सहज जाते. त्या पैशात जर्मनीतल्या उल्मची वाल्थर किंवा अँशुट्झ घ्या, ओबेर्नडोर्फची फाइनवेर्कबाऊ घ्या, नाहीतर ऑस्ट्रियातली स्टायर घ्या. त्यांची नळी तुमच्या मुलापेक्षा कितीतरी चांगला नेम धरते, आणि पुढची पाच वर्षं धरत राहील. फसगत होते ती दुसरीकडे, आणि ती कुठे होते ते दाखवण्यासाठीच हा लेख आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. जत्रेत फुगे फोडायला मिळते ती बंदूक आणि ही, दोघींचं नातं फक्त नावापुरतं. जत्रेतल्या बंदुकीत स्प्रिंग असते. ती सुटली की बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका देते आणि छर्रा अजून नळीतच असतो. मॅच रायफलमध्ये नळीखाली एक सिलिंडर असतं, त्यात २०० बार दाबानं हवा भरलेली असते. आपल्या मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास शंभरपट. एवढा दाब थेट वापरता येत नाही, म्हणून मध्ये एक रेग्युलेटर असतो. तो प्रत्येक शॉटसाठी ठरावीक कमी दाबाची, ठरावीक मापाची हवा बाजूला काढून ठेवतो. ट्रिगर ओढला की झडप क्षणभर उघडते आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा पेलेट सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगानं बाहेर पडतो. एका वेळी एकच पेलेट, हातानं भरायचा.

अर्धा मिलीमीटर म्हणजे किती?

आता टार्गेट बघा. १० मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलीमीटर व्यासाचा असतो. पेलेट ४.५ मिलीमीटरचा. पेलेटची कड त्या ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलीमीटरच्या आत हवं. त्या अडीच मिलीमीटरचे पुन्हा दहा भाग केलेत. पाव मिलीमीटरच्या आत आलात तर १०.९, अर्ध्याच्या आत १०.८, आणि असंच पुढे. क्वालिफिकेशनमध्ये ६० शॉट, ७५ मिनिटं, आणि सगळे १०.९ मारले तर ६५४.

जागतिक पातळीवर ६३० च्या पुढे गेलं की फायनलची भाषा बोलता येते. ६३० म्हणजे सरासरी १०.५ चा शॉट, म्हणजेच केंद्रापासून साधारण सव्वा मिलीमीटर. हा झाला जगातल्या उत्तम नेमबाजाचा हात. वर्षभर सराव केलेलं, जिद्दी, चांगलं मूल ५८० मारतं असं धरू. त्याची सरासरी ९.६७, म्हणजे शॉट केंद्रापासून साधारण ३.३ मिलीमीटरवर.

इथे एक गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. नेमबाजाची चूक आणि रायफलची चूक सरळ बेरीज होऊन येत नाहीत. दोघींच्या दिशा वेगवेगळ्या असतात, कधी एक डावीकडे जाते तर दुसरी वर. त्यामुळे दोघींचा वर्ग करायचा, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. शाळेतलं पायथागोरसच. ३.३ मिलीमीटरच्या हाताला ०.७ मिलीमीटर चूक करणारी रायफल दिली तर एकूण चूक ३.३७ येते. ०.५ ची, म्हणजे बरीच सरस रायफल दिली तर ३.३४. फरक एका मिलीमीटरच्या शंभर भागांतले तीन-चार भाग. साठ शॉटमध्ये मिळून एक गुणसुद्धा नाही. गणित ढोबळ आहे, पण चित्र खरं आहे. ज्या फरकासाठी आपण लाखभर रुपये जास्त मोजायला निघालो, तो फरक मुलाच्या रात्रीच्या झोपेत लपून जातो.

सव्वा मिलीमीटरवाल्या हाताचं गणित अर्थातच वेगळं येतं. त्याला ती सरस नळी परवडते, किंबहुना लागतेच. पण तोवर मूल स्वतःच काय हवं ते सांगायला लागलेलं असतं.

खोक्यातलं टेस्ट कार्ड

नव्या रायफलबरोबर बहुधा एक छोटं कार्ड येतं. कारखान्यात रायफल शिकंज्यात घट्ट धरून दहा मीटरवर मारलेले शॉट त्यावर असतात, आणि बघावं तर एकच गोल भोक. दुकानदार ते कार्ड फार कौतुकानं दाखवतात. कार्ड खोटं नसतं, पण ते वाचायचं कसं ते माहीत असावं.

एक, भोकाचा बाहेरचा व्यास सांगितलाय की शॉटच्या केंद्रांमधलं अंतर, हे विचारा. पेलेट स्वतःच ४.५ मिलीमीटरचा असल्यामुळे सहा मिलीमीटरचं भोक म्हणजे प्रत्यक्षात दीड मिलीमीटरचा ग्रुप (शॉटचा पुंजका). दोन रायफलींची तुलना करताना एकीचं हे माप आणि दुसरीचं ते माप घेतलं तर आंबे आणि फणस तोलल्यासारखं होतं.

दोन, किती शॉट? ग्रुपचा आकार म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन शॉटमधलं अंतर. शॉट वाढले की एखादा लांब जाण्याची संधी वाढते, त्यामुळे ग्रुप वाढतोच. त्याच रायफलचा पाच शॉटचा ग्रुप आणि दहा शॉटचा ग्रुप यांत सरासरीनं जवळपास पाव पटीचा फरक पडतो. तीन शॉटचा ग्रुप तर नुसता नशिबाचा खेळ. कुणी तीन शॉटचं भोक दाखवून रायफलची थोरवी सांगू लागलं तर चहा घ्यावा आणि विषय बदलावा.

तीन, पेलेट कुठला होता? कारखान्यानं त्या नळीला मानवणारा पेलेट वापरला असणार. तुम्हाला इथे तो त्याच लॉटचा मिळेलच असं नाही. पेलेटकडे आपण पुढे येऊच.

माप

कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते, पण पंधरा दिवसांत पायाची होते. रायफलचं तसं नसतं. ती मुलाच्या अंगाची होत नाही, उलट मूलच वाकडं होऊन तिच्या मापाचं होतं, आणि मग ती वाकडी सवय मोडायला वर्ष जातं.

हे मी ऐकून सांगत नाहीये. पंधरा वर्षांची असताना मी एका सीनियरकडून वापरलेली रायफल घेतली होती. तो पावणेसहा फुटी, मी पाच फूट एक इंच. स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकणारा दस्ता, अगदी शेवटपर्यंत आत ढकलला तरी माझ्यासाठी लांबच. मान पुढे काढून, गाल ताणून मी दीड वर्ष तशीच मारत राहिले. मानेचं दुखणं सरावाचं आहे असं समजून तेल लावत होते. कोच बदलल्यावर नव्या कोचनं पहिल्या दिवशी रायफल हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "ही तुझी नाही."

म्हणून रायफल घेण्याआधी ती खांद्याला लावून बघायचीच, आणि पूर्ण किट घालून. हे 'किट घालून' फार जणांकडून सुटतं. नेमबाजीचं जॅकेट जाड आणि ताठ कापडाचं असतं. ते घातल्यावर खांदा पुढे येतो, कोपर वेगळीकडे टेकतं आणि टीशर्टमध्ये अगदी बेतशीर वाटलेला स्टॉक एकदम लांब वाटू लागतो. पायात नेमबाजीचे बूटही हवेत, कारण उभं राहण्याची उंची आणि तोल दोन्ही बदलतात.

मग काय बघायचं? मुलाला डोळे मिटायला सांगा. मिटल्या डोळ्यांनी रायफल खांद्याला लावू दे, गाल चीकपीसवर (गाल टेकवायच्या पट्टीवर) टेकवू दे, दोन श्वास घेऊ दे. आता डोळे उघड. मागच्या पीप साइटच्या (नेम धरायच्या भोकाच्या चकतीच्या) भोकात नळीच्या टोकावरची रिंग बरोबर मधोमध दिसायला हवी, मान न हलवता. दिसत नसेल तर चीकपीस वर-खाली, आत-बाहेर करून बघा. सगळ्या दिशांनी सरकवूनही जमत नसेल किंवा एखादा स्क्रू अगदी टोकाला पोचून अडकत असेल, तर ती रायफल या मुलासाठी नाही. मूल वाढतंय, म्हणून वाढायला जागा हवी हे खरं. पण आजचं माप सगळ्यात लहान सेटिंगवर येऊन अडकत असेल तर त्याला वाढीव माप म्हणत नाहीत, मोठ्या भावाचा सदरा म्हणतात.

दुसरं, उभं राहिल्यावर डावा हात. उजव्या हातानं मारणाऱ्याचं डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचं वजन हाडांतून खाली जमिनीत जातं. स्नायूंनी उचललेली रायफल विसाव्या शॉटनंतर थरथरू लागते, हाडांवर ठेवलेली साठाव्या शॉटलाही तशीच राहते. मुलाचा हात आखूड असेल तर रायफल डोळ्याच्या पातळीला येण्यासाठी पुढच्या भागाखाली राइजर, म्हणजे उंची वाढवणारा तुकडा, लावावा लागतो. तो त्या मॉडेलला बसतो का, आणि किमतीत धरलाय का, हे विचारून घ्या.

तिसरं, वजन. नियमानं १० मीटर रायफल साइटसकट साडेपाच किलोपर्यंत चालते आणि मोठ्यांच्या रायफली साधारण साडेचार-पाच किलोच्या असतात. बारा वर्षांच्या मुलीला ती उचलता येईल का, हा प्रश्न इथे नाही. एकदा कुणीही उचलेल. मॅचमध्ये साठ शॉट असतात, पण मनासारखा न जमलेला शॉट न मारता रायफल खाली घ्यायची असते, त्यामुळे ती शंभराहून जास्त वेळा वर जाते. दुकानात वीस वेळा वर-खाली करायला लावा आणि विसाव्या वेळी खांदे कानाकडे सरकतायत का ते बघा. ज्युनियरसाठी हलकी, आखूड मॉडेल बहुतेक कंपन्या काढतात. वजन पुढे पट्ट्या लावून वाढवता येतं, साडेचार किलोच्या रायफलचं मात्र काहीच कमी करता येत नाही.

आणि हे सगळं करण्याआधी एक अगदी साधी तपासणी, एक रुपयाही न लागणारी. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये एक छोटं भोक धरायला सांगा आणि त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघू दे. आता एक डोळा मीट, मग दुसरा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो प्रबळ डोळा. पुष्कळ उजव्या हाताच्या मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो. मग कोच ठरवतील, डाव्या बाजूनं शिकवायचं की डाव्या डोळ्यापुढे झापड लावायची. पण डावखुऱ्यांची रायफल वेगळी असते, तिची ग्रिप, तिचा चीकपीस, सगळंच उलट. तीन लाख मोजून झाल्यावर हे कळू नये.

लाकडी स्टॉक की अ‍ॅल्युमिनियमचा, यावर रेंजवर तासन्‌तास वाद चालतात. अ‍ॅल्युमिनियमला जास्त ठिकाणी फेरबदल करता येतात आणि वाढत्या मुलाला ते सोयीचं. लाकूड हाताला उबदार लागतं आणि स्वस्त असतं. याहून जास्त त्यात काही नाही.

ट्रिगर आणि साइट

१० मीटर रायफलच्या ट्रिगरला नियमात किमान वजन नाही, फक्त सेट ट्रिगर (आधी वेगळा ताणून ठेवायचा आणि मग नुसत्या स्पर्शानं सुटणारा) चालत नाही. त्यामुळे शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही हलका ट्रिगर ठेवतात. तो दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडं सरकतं, मग एक भिंत लागते आणि त्या भिंतीवर नुसता विचार केला तरी शॉट सुटतो. तपासायचं एवढंच की ती भिंत दर वेळी तिथेच लागते का. रायफल ड्राय फायरवर टाका, म्हणजे हवा आणि पेलेटशिवाय नुसता ट्रिगर चालेल, आणि तीस वेळा ओढा. ड्राय फायरची सोय नसलेली रायफल घेऊच नका, निम्म्याहून जास्त सराव घरच्या भिंतीसमोर तसाच होतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरेख असतात. पण तुमच्या जिल्ह्यात ते उघडून बघणारा कुणी नसेल तर पहिल्या रायफलला यांत्रिक ट्रिगरच बरा, असं माझं मत.

साइटचं मोल लोकांना उशिरा कळतं. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला ७००.५ गुणांनी सुवर्ण जिंकलं ते सगळ्यांना पाठ आहे. पण फायनलच्या तोंडावर सरावाचा पहिला शॉट त्यानं मारला तेव्हा तो चारच्या आसपास गेला होता, कारण साइटची सेटिंग बदललेली होती. रायफल तीच, माणूस तोच, फक्त स्क्रू हलले होते. त्यानं शांतपणे क्लिक, म्हणजे साइटचा स्क्रू फिरवताना लागणारे ठरावीक टप्पे, मोजून साइट परत जागेवर आणली. हे तेव्हाच जमतं जेव्हा साइट क्लिक केल्याप्रमाणे वागते. बघायची रीत सोपी. रायफल क्लॅम्पमध्ये किंवा भक्कम आधारावर ठेवा आणि तीन शॉट मारा. मग वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, आणि पुन्हा तीन शॉट. पहिल्या भोकात आले तर साइट चांगली. वापरलेल्या रायफलीत इथेच घोळ निघतो. आटे झिजलेले असतात, उजवीकडे दिलेले पाच क्लिक परत येताना चारच भरतात.

हवा

आता असा भाग, जो सेल्समन पटकन उरकतो.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. कंपन्या सिलिंडरचं आयुष्य साधारणपणे दहा वर्षांचं धरतात आणि सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नियमानं खेळाडूवर टाकलेली आहे. स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे साहित्य-तपासणीत, ती मुदत बघितली जाऊ शकते. वापरलेली रायफल "एकदम नव्यासारखी" म्हणून मिळते तेव्हा बैलाचे दात बघतात तशी आधी ही तारीख बघावी. आठ वर्षांचं सिलिंडर असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा. नव्या रायफलबरोबर जादा सिलिंडर मिळत असेल तर त्याचीही तारीख बघा, गोदामात पडून राहिलेला माल तिथेच खपवतात.

गळती तपासायला सिलिंडर भरून रायफलला लावा, मीटरवरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत बघा. त्याच खोलीत, कारण हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. बाहेर ३८ अंशात २०० बार भरलेलं सिलिंडर २४ अंशांच्या एसी रेंजमध्ये आणलं की काहीही न गळता १९० च्या आसपास येतं. या कारणानं परत पाठवलेल्या दोन रायफली मला माहीत आहेत, दोन्ही ठणठणीत होत्या.

रेग्युलेटरची परीक्षा क्रोनोग्राफवर होते. क्रोनोग्राफ म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं छोटं यंत्र, बऱ्याच क्लबांत असतं. दहा शॉटचे वेग लिहून काढा. सगळे दोन-तीन मीटरच्या फरकात बसले तर छान. फरकाचा अर्थ काय तेही सांगते. १७२ मीटर वेगाचा पेलेट दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणानं साधारण १६.६ मिलीमीटर खाली येतो, १७५ चा १६. म्हणजे नुसत्या तीन मीटरच्या फरकानं शॉट अर्धा-पाऊण मिलीमीटर वर-खाली. गुणाचे दोन दशांश गेले, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

पण खरी गंमत पुढे आहे. दहा शॉट झाल्यावर रायफल पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग पुन्हा मारा. पहिलाच शॉट बाकीच्यांपेक्षा ठळक वेगवान आला तर रेग्युलेटरचं सील झिजलंय, थांबलं असताना हवा हळूहळू आत झिरपून दाब वाढतोय. सलग मारताना हे कधीच दिसत नाही. विकणारा रायफल दाखवताना सलगच मारतो.

हवा भरण्याबाबत दोन गोष्टी. कोकणपट्टीत आणि पावसाळ्यात सगळीकडेच हवेत पाणी असतं. हातपंपानं २०० बारपर्यंत पोचता येतं, पण त्याबरोबर ओलावाही आत जातो आणि तो रेग्युलेटरच्या आतल्या भागांना खातो. त्यापेक्षा क्लबचा फिल्टर लावलेला कंप्रेसर किंवा त्यावरून भरलेलं स्कूबा सिलिंडर बरं. भरताना सावकाश, कारण घाईत भरलं की सिलिंडर तापतं. आणि ऑक्सिजन कधीही, कुठल्याही परिस्थितीत नाही. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचं सिलिंडर गावोगाव असतं, "तीपण हवाच ना" म्हणून कुणी सुचवतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचं किंचित ग्रीस एकत्र आले तर स्फोट होतो. भरलेलं सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीतही ठेवू नये.

पेलेट

रायफलवर तीन लाख घालणारे बाबा पेलेट घेताना "कुठलाही द्या" म्हणतात तेव्हा मला खरंच काय बोलावं कळत नाही. एक नळी दुसरीसारखी नसते आणि एक पेलेट दुसऱ्यासारखा नसतो. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिलीमीटरच्या शंभराव्या भागानं वेगळा मिळतो. एकच कंपनी, एकच नाव, एकच माप, पण वेगळा लॉट, आणि एका नळीतून एकाचा ग्रुप दीड मिलीमीटरचा येतो तर दुसऱ्याचा तीनचा. आरडब्ल्यूएसचा आर १०, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबी, ही नावं चांगलीच आहेत. पण कुठला लॉट तुमच्या नळीला मानवतो हे नळीच सांगते.

म्हणून रायफल क्लॅम्प करून चार-पाच लॉटचे दहा-दहा शॉट मारून बघायचे, आणि जो बसेल त्या लॉटचे पेलेट एकदम वर्षभराचे घ्यायचे. पायथागोरसच्या हिशोबात महागडी नळी घेऊन जो फरक मिळत नव्हता, तो इथे काही हजारांत मिळतो. जाता जाता, पेलेट शिशाचे असतात. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलांनी डबा उघडू नये.

वापरलेली घ्यावी का?

घ्यावी, माप जुळत असेल तर. एअर रायफलची नळी सहसा झिजत नाही. इथे दारू जळत नाही, उष्णता नाही, मऊ शिसं आणि थंड हवा. वीस वर्षांची नळी छान ग्रुप देताना मी पाहिली आहे. नळी खराब होते ती साफ करणाऱ्याच्या उत्साहानं, धातूच्या सळीनं तोंडाशी ओरखडे पडले की संपलं. नळीचं तोंड भिंगानं बघा. बाकी झिजतात ती सीलं, ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि साइटचे आटे, ते बदलता येतात. पण कोण बदलणार? हा प्रश्न नव्या रायफललाही विचारा. सर्व्हिस कुठे होते, सील किट भारतात पडून असतं की मागवावं लागतं, किती आठवडे लागतात, तोवर मूल काय वापरणार? तुमच्या रेंजवर ज्या कंपनीच्या चार रायफली आहेत तीच पाचवी घेण्यात मोठं शहाणपण आहे. ऐन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ओ-रिंग उसनी देणारा शेजारी कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

कागदांचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेची किंवा ४.५ मिलीमीटरपेक्षा मोठ्या नळीची एअर गन परवान्याच्या कक्षेत येते. मॅच रायफलची ऊर्जा सात-आठ ज्यूल आणि नळी ४.५ ची, त्यामुळे तिला परवाना लागत नाही. पण बिल, सिरीयल नंबर आणि क्लबचं ओळखपत्र रायफलच्या पेटीतच ठेवा, रेल्वे स्टेशनवर पेटी उघडायला लावली की तेच उपयोगी पडतं. विमानानं जाताना सिलिंडर पूर्ण रिकामं करून, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात. टेस्ट कार्डही फेकू नका, विकताना लागतं.

आणि रायफल घरी आली की पहिल्या आठवड्यात एक काम करा. कोचनं माप बसवून दिल्यावर चीकपीस, बटप्लेट (खांद्याला टेकणारं टोक), ग्रिप, सगळ्यांचे आकडे वहीत लिहा, जिथे आकडे नाहीत तिथे पांढऱ्या पेन्सिलनं बारीक रेघ मारा. मूल तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर वाढेल, माप बदलेल, मग कधीतरी सगळंच बिघडल्यासारखं वाटेल आणि परत कुठे जायचं ते त्या रेघेवरून कळेल. माझ्या रायफलवर अशा अकरा रेघा आहेत.